आधी छत, मग पंखा

एप्रिलमध्ये भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहा आणि डोक्यावर एखादा जाड पुठ्ठा आडवा धरा. लगेच बरं वाटतं. शेडमधली हवा तेवढीच गरम असते, पंखा तसाच फिरत असतो, घामही थांबलेला नसतो. तरी टाळूला आणि खांद्यांना जे काही चटके देत होतं ते थांबतं. पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा सुरू. घरगुती वर्कशॉपच्या छताविषयी जे सांगायचं आहे, त्यातलं निम्मं या प्रयोगात येऊन जातं.

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं म्हसा हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते पौष पौर्णिमेच्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेमुळे, तिथल्या बैलबाजारामुळे आणि घोंगड्यांमुळे. यात्रा पांगली की थंडीही पांगते आणि होळीपासून उन्हाचा खरा कारभार सुरू होतो. या पट्ट्यातल्या गावांत परसात किंवा ओटीला जोडून पत्र्याची एक शेड आणि तिच्यावर चालणारा कुणाचा तरी संसार, हे आता सगळीकडे दिसतं. कुठे ग्रिल आणि दरवाजांचं वेल्डिंग, कुठे सुतारकाम, कुठे मोटारींचं वाइंडिंग, कुठे चार शिलाई मशिनं, कुठे पिठाची गिरणी. दहा बाय पंधराची जागा, चार अँगलचे खांब, वर जे-बोल्टने आवळलेला पत्रा. इथे काम करणारा माणूस स्वतःच मालक असतो आणि स्वतःच कामगार. कारखान्यात निदान कुणीतरी तपासायला येतं. इथे उन्हाळ्याचा त्रास होतो तो ‘चालायचंच’ या सदरात जमा होतो.

तो चालू द्यावा असा नाही. मुरबाड, बदलापूर, कर्जत हा पट्टा समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. किनाऱ्यावर दुपारी समुद्री वारा येऊन पारा आवरतो. इथवर तो उशिरा आणि दमून पोचतो. म्हणून मुंबईत ३५ अंश असताना इथे चाळिशी ओलांडलेली असते. कोकणची दमट हवा मात्र इथेही पुरती सुटत नाही. हवामान खातं सपाट प्रदेशासाठी ४० अंश आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश हा उष्णतेच्या लाटेच्या निकषाचा किमान आकडा धरतं, तो दमटपणामुळेच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्यावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. ते पाहून ‘उन्हात बसू नका’ हा धडा सगळ्यांनी घेतला. पण पत्र्याखाली बसणं म्हणजे सावलीत बसणं, असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो.

पत्रा ऊन अडवत नाही. तो ऊन घेतो आणि दुसऱ्या रूपात खाली पाठवतो. भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सूर्याकडून सुमारे एक हजार वॅट शक्ती येते. जुना, गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा त्यातला मोठा भाग शोषतो आणि ६०-७० अंशांपर्यंत सहज तापतो. पोलाद उष्णतेचं उत्तम वाहक आणि पत्र्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे वरची बाजू तापली की त्याच क्षणी खालचीही तापते. मग हा तापलेला पत्रा निखाऱ्याप्रमाणेच, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण खाली फेकू लागतो. हे किरण हवेला फारसं तापवत नाहीत. ते सरळ माणसाच्या अंगावर येतात. पुठ्ठ्याने अडवले ते हेच.

किती येतात याचा हिशेब शाळेच्या भौतिकशास्त्रात बसतो. त्वचा ३५ अंश आणि पत्रा ६५ अंश धरला, तर पत्र्याकडे तोंड केलेल्या त्वचेच्या दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट उष्णता मिळते. हाच वरचा पृष्ठभाग ४० अंशांवर आणला तर हा आकडा ३० च्या आसपास येतो. पत्र्याचं तापमान निम्मंही झालेलं नाही, पण किरणांचा मारा सहा-सात पटींनी घटला. छताचं इन्सुलेशन करायचं ते या घटीसाठी. हवेचं तापमान त्यामुळे किती उतरेल हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पण पहिला आणि मोठा फायदा हवेत नाही, अंगावर होतो.

आता शरीराच्या बाजूने पाहू. स्वस्थ बसलेला माणूसही शंभरेक वॅटच्या जुन्या बल्बाएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. करवत, रंधा, हातोडा चालवणारा त्याच्या अडीच-तीन पट. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवण्याला पर्याय नाही. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर काम सोपं. ती ३५-३६ च्या वर गेली की हवा उष्णता घेण्याऐवजी द्यायला लागते आणि मग एकच मार्ग उरतो, घाम वाळवणं. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ही जबरदस्त यंत्रणा आहे, पण घाम वाळला तर. अंगावरून ठिबकून जमिनीवर पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. दमट हवेत आपण निथळतो आणि तरी तापतो ते यामुळे.

डोकं, मान, खांदे आणि पाठ मिळून अर्ध्या चौरस मीटरला थोडा कमी भाग पत्र्याखाली येतो, असं धरू. त्यावर पडणाऱ्या किरणांचा हिशेब फेडायला तासाला सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास जास्तीचा घाम वाळवावा लागतो. अकरा ते चार या पाच तासांत अर्ध्या लिटरहून अधिक. हे फक्त पत्र्याचं देणं. कामाचा घाम वेगळा. त्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि त्याच वेळी हातापायांच्या स्नायूंनाही. ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, जे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्यावर हा ताण आधी दिसतो. रोज थोडं पाणी कमी पडत राहिलं तर मूत्रपिंडं भोगतात. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत मधुमेह नसताना मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण इतकं वाढलं की त्या आजाराला तिथलंच नाव पडलं, आणि उन्हातले कष्ट व वारंवार होणारा पाण्याचा तुटवडा हे त्याचं एक प्रमुख कारण मानलं जातं. संध्याकाळी डोकं जड होणं, लघवी गडद पिवळी होणं, पोटऱ्यांत गोळे येणं ही शेडमधल्या माणसाची रोजची तक्रार असते. तिच्यावर उपाय म्हणून दुसरा पंखा लावला जातो.

पंखा वाईट नाही. घाम वाळवायला तो मदत करतो. पण छताच्या पंख्याचं काम वरची हवा खाली ढकलणं हे आहे, आणि पत्र्याच्या शेडमधली सगळ्यात तापलेली हवा नेमकी वरच असते. हवा चाळिशीच्या वर गेली की पंखा शरीर तापवू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्या तापमानाच्या वर पंख्यावर विसंबू नका असं सांगते. आणि किरणं? ती पंख्याच्या वाऱ्याला जुमानत नाहीत. पंख्याखाली बसलं तरी पत्र्याची धग लागायची ती लागतेच. म्हणून पैसे एकाच गोष्टीला असतील तर ते आधी छतावर घालावेत, पंख्याचं नंतर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेडमधला ताप मोजायचा असेल तर भिंतीवरचं तापमापक पुरं पडत नाही, कारण ते मुख्यतः हवा मोजतं. त्यासाठी काळ्या गोळ्याचं तापमापक वापरतात. काळा रंग दिलेल्या पोकळ गोळ्याच्या मध्यभागी तापमापकाचं टोक असतं; गोळा किरणं शोषतो आणि माणसाच्या अंगाला काय लागतंय ते सांगतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात सैनिकी प्रशिक्षणातले उष्माघात टाळण्यासाठी याच गोळ्याचा आणि ओल्या कापडाच्या तापमापकाचा मिळून एक निर्देशांक तयार झाला. छपराखालच्या कामासाठी त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के आणि काळ्या गोळ्याला ३० टक्के वजन देतात. घरी हे जमण्यासारखं आहे. टेबल टेनिसच्या चेंडूला चकाकी नसलेला काळा रंग द्यायचा, बारीक भोक पाडून त्यात डिजिटल तापमापकाची तार घालायची आणि कामाच्या टेबलावर डोक्याच्या उंचीला टांगायचा. शेजारी दुसरं साधं तापमापक, पत्र्याकडून आडोसा करून. दोघांतला फरक म्हणजे तुमच्या छताचं प्रगतिपुस्तक. छताचं काम करण्याआधी आणि नंतर एकाच वेळी, सारख्याच उन्हात आकडे टिपून ठेवले तर कंत्राटदाराच्या दाव्यांची गरज उरत नाही.

इन्सुलेशन हा शब्द परका आहे, गोष्ट परकी नाही. म्हशाच्या यात्रेतून घोंगडं विकत घेणारा माणूस इन्सुलेशनच विकत घेत असतो. घोंगडं स्वतः ऊब तयार करत नाही. लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा हलू शकत नाही, आणि न हलणारी हवा उष्णतेची फार वाईट वाहक. पोलादाच्या तुलनेत जवळपास दोन हजार पट वाईट. म्हणून अंगाची उष्णता अंगाशी राहते. तेच घोंगडं बर्फाच्या लादीभोवती गुंडाळलं तर बाहेरची उष्णता आत जात नाही. बर्फवाले पोती आणि भुसा वापरतात ते याचसाठी. रॉकवूल, ग्लासवूल, थर्माकोल, फोम ही सगळी घोंगड्याचीच भावंडं आहेत, हवा अडकवून ठेवणारी.

मुरबाड-शहापूरच्या जुन्या घरांना हे कळत होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं किंवा कौलाचं छप्पर, आणि खोलीवर बांबू-फळ्यांचा माळा. माळ्यावर भाताच्या कणग्या, पेंढा, अडगळ. उन्हाची धग कौलाला, कौलाखालच्या पोकळीला आणि मग माळ्याला भेटायची. खालच्या माणसापर्यंत पोचेतो ती थकलेली असायची. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जायची ते वेगळंच. शहरातल्या वाड्यांत हेच काम तक्तपोशी करायची. मग कौलं शेकारायला माणसं मिळेनाशी झाली, वानरांनी उरलेली फोडली, आणि पत्रा आला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे १६ टक्के घरांवर धातूचा किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा होता. पत्र्याने गळती थांबवली आणि दर वर्षीची दुरुस्ती वाचवली, हे खरंच आहे. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण कौलाच्या जागी पत्रा आला तेव्हा माळाही गेला, आणि खरा तोटा तिथे झाला.

तो माळा परत आणायचा, एवढंच काम आहे. सुरुवात मात्र वरून करावी, कारण जी उष्णता पत्र्यात शिरलीच नाही ती अडवावी लागत नाही. पत्र्याच्या वरच्या बाजूला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की पत्र्याचं दुपारचं तापमान पुष्कळ खाली येतं. अहमदाबादने हा मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यातून २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा उभा राहिला. पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम त्याला जोडला गेला, आणि महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी घरात बसून शिवणकाम आणि विडीकाम करणाऱ्या बायकांच्या छपरांवर तो नेला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. आपल्याकडे कोकणात एक अडचण जास्त आहे. अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आणि शेवाळ पांढऱ्या रंगाला दोन पावसाळ्यांत काळपट करतात, म्हणून होळीच्या सुमाराला छप्पर धुणं आणि गरजेनुसार पुन्हा हात मारणं आलं. स्वस्त म्हणून चुना मारायचा मोह होतो. स्लॅबवर तो चालतो, जस्ताच्या पत्र्यावर टिकत नाही आणि ओला चुना जस्ताला खातोही. पत्र्यासाठी प्रायमर आणि त्यावर छपराचा अ‍ॅक्रिलिक रंगच घ्यावा. नवा पत्रा घ्यायचा असेल तर निळा आणि विटकरी सोडून दुधी रंगाचा मागावा. गावात निळ्या पत्र्याची फॅशन का आली असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

आता आतली बाजू. इथे दोन वेगळ्या गोष्टी दुकानदार एकाच नावाने विकतो. एक चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमचा पापुद्रा, बहुधा बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर चिकटवलेला. दुसरी जाड, मऊ गादी. पापुद्र्याचं तत्त्व असं, की चकचकीत धातू किरणं फार थोडी सोडतो. पत्र्याची उष्णता त्याच्यापर्यंत आली तरी तो ती खाली फेकत नाही. पण त्यासाठी चकाकत्या बाजूसमोर किमान एक इंचाची मोकळी हवा हवी. हाच पापुद्रा पत्रा आणि फळीच्या मध्ये घट्ट दाबून बसवला, तर तो चकाकीचा उपयोग हरवून बसतो. तापलेल्या तव्याला फॉइल चिकटवल्यासारखं होतं. चकाकती बाजू खाली ठेवावी, कारण वर ठेवली तर वर्षभरात तिच्यावर धूळ बसते आणि धूळ बसली की चकाकीचा गुण संपला. सुतारकामाच्या शेडमध्ये तर महिनाही पुरतो.

गादीचा हिशेब वेगळा. दहा बाय पंधराच्या शेडला सुमारे १४ चौरस मीटर छत असतं. पत्रा ६५ अंश आणि आतली हवा ३८ धरली तर पत्र्यातून अडीच किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते, म्हणजे डोक्यावर अडीच-तीन इस्त्र्या सतत चालू. त्याखाली दोन इंच जाडीचं रॉकवूल आणि एक बोर्ड घातला तर हीच आवक तीनशे वॅटच्या आत येते. जाडी दुप्पट केली तर उरलेले तीनशे निम्मे होतील. म्हणजे पहिल्या दोन इंचांनी जे कमावलं त्याच्यापुढे पुढच्या दोन इंचांची कमाई किरकोळ. कमी पैशात काम करणाऱ्याने दोन इंचांवर थांबावं आणि उरलेले पैसे वरच्या पांढऱ्या रंगावर घालावेत.

वजनाचा विचार आधी करायला हवा, कारण बहुतेक शेड पत्रा पेलण्यापुरत्याच बांधलेल्या असतात. दोन इंची रॉकवूल चौरस मीटरला दोन-तीन किलो, सहा मिलिमीटरचा बिनअ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट बोर्ड आणखी आठ किलो. हे पेलतं. बांबूच्या तट्ट्यावर शेणमातीचा लेप देऊन केलेलं छत मला मनापासून आवडतं, ते सहज पेटत नाही आणि गावातच बनतं. पण दोन सेंटिमीटर मातीचं वजन चौरस मीटरला तीसेक किलो होतं. त्याला लाकडी वासे किंवा वेगळी चौकट लागेल, पत्र्याच्या अँगलला ते टांगू नये. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात कोकणात पत्रे कसे उडाले ते आठवत असेल, तर छताला हात लावतानाच जे-बोल्ट आणि खांबांचे पायेही तपासून घ्यावेत.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट. बाजारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हलकं इन्सुलेशन म्हणजे थर्माकोल, आणि उष्णता अडवण्यात तो रॉकवूलपेक्षा तसूभरही कमी नाही. म्हणून वेल्डिंगच्या शेडमध्येही थर्माकोलच्या शीट छताला चिकटवलेल्या दिसतात. हे करू नये. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. शंभर अंशांच्या जवळपास ते मऊ पडून आकसतं, पेटलं की वितळून जळते थेंब खाली टाकतं आणि काळा, गुदमरवणारा धूर करतं. ग्राइंडरची ठिणगी पंधरा-वीस फूट जाते. फोमचंही तेच. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइट क्लबात आवाज शोषण्यासाठी भिंतींना आणि छताला लावलेल्या फोमला शोभेच्या दारूची ठिणगी लागली आणि काही मिनिटांत सगळी इमारत धुराने भरली. शंभर माणसं गेली. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. तिथेही छताला लावलेल्या ज्वालाग्राही सामानाने आग पसरवली. वेल्डिंग, ग्राइंडिंग, वाइंडिंगचं वार्निश, सुतारकामातला लॅकर, यांपैकी काहीही शेडमध्ये असेल तर छताला रॉकवूल आणि सिमेंट बोर्ड, दुसरं काही नाही. पेंढ्याचा माळाही इथे बाद. शिवणकामाच्या खोलीत थर्माकोल वापरायचाच असेल तर तो उघडा ठेवू नये, खालून न जळणाऱ्या बोर्डाने पूर्ण झाकावा.

दुसरा धोका धुराचा. पत्र्याच्या शेडला वरच्या बाजूला फटी असतात आणि त्यांतून वेल्डिंगचा धूर, लाकडाचा भुसा, रंगाचा वास थोडाफार निघून जातो. खाली नवं, नीट बंद केलेलं छत आलं की ही वाट बुजते. वेल्डिंगचा धूर आणि लाकडाची बारीक धूळ, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलेले आहेत. म्हणून छत बंद करताना भिंतीत, कामाच्या जागेजवळ बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या भिंतीत खालून हवा येण्याची जाळी, ही दोन्ही कामं त्याच दिवशी करावीत. उकाडा घालवून धूर कोंडून घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

पत्रा आणि नवं छत यांच्यामधली पोकळी मात्र उघडी हवी. वळचणीकडून हवा आत, आढ्याकडून बाहेर. तापलेली हवा आपोआप वर चढते, फक्त तिला दोन्ही टोकांना वाट लागते. बारीक तारेची जाळी लावायला विसरू नये. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात त्या पोकळीत उंदीर येतील आणि उंदरांमागून कोण येतं हे या भागात सांगायला नको. पोकळीचा हिवाळ्यातही उपयोग आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याला आतून घाम सुटतो. तो थेंब थेंब यंत्रांवर पडून गंज चढतो, हे प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. नव्या छतानंतर तो थेंब गादीवर पडेल. ओली गादी म्हणजे ओलं घोंगडं, त्यात हवेच्या जागी पाणी; म्हणून गादीच्या वर, पत्र्याखाली, उताराने प्लास्टिकचा कागद अंथरून त्याचं पाणी वळचणीबाहेर काढावं. पावसाळ्यात पत्र्यावरचा कानठळ्या बसवणारा आवाज कमी होतो, हा वरकड नफा.

शेडवर सिमेंटचा पत्रा असेल तर थांबा. जुना सिमेंट पत्रा बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो. आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने १९८६ पासून बंद झाले, पण आयात केलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून कायदेशीर विकले जातात. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. अखंड पत्रा जागच्या जागी फारसा त्रास देत नाही. तो कापला, फोडला, त्याला ड्रिल मारलं किंवा कोरडा घासला की सूक्ष्म तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यांचा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनी उगवतो. अशा पत्र्याला खालून स्क्रू मारून छत लटकवू नये. खांबांवर स्वतंत्र चौकट उभी करून त्यावर छत घ्यावं. पत्रा साफ करताना तो ओला करून, हलक्या हाताने.

एवढं करूनही मे महिना मे महिनाच राहतो. काम सकाळी लवकर सुरू करणं, दर वीस मिनिटांनी पाणी, दिवसातून एकदोनदा मिठाचं ताक किंवा ओआरएस, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला शरीराला सवय व्हायला आठ-पंधरा दिवस देणं, याला पर्याय नाही. माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका लागेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नये. १०८ ला फोन करून वाट बघत बसायचं नाही. त्याला शेडबाहेर सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

राहता राहिलं छत बसवण्याचं काम. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने घरांच्या छपरांना इन्सुलेशन बसवण्यासाठी अनुदान दिलं. घाईघाईत, नीट न शिकवता तरुण मुलं माळ्यांवर चढवली गेली. चार जण मेले. तिघांना विजेचा धक्का लागला; त्यातल्या काही ठिकाणी फॉइल ठोकताना धातूच्या पिना वायरीत घुसल्या होत्या. चौथा माळ्यावरच्या उष्णतेने गेला. चौकशीसाठी २०१३ मध्ये तिथे शाही आयोग बसला. तेव्हा आपल्याकडचा क्रम असा ठेवावा : आधी मेन स्विच बंद, छताजवळच्या सगळ्या वायरी पाइपात, अर्थिंग आणि ईएलसीबी इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं, मग फॉइल. ग्लासवूल किंवा रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा. आणि दिवस निवडायचे ते दिवाळीनंतरचे, यात्रेच्या आधीचे. पावसाने पत्रा धुतलेला असतो, गळती कुठे आहे ते ताजं आठवत असतं, आणि पत्र्याखाली मान वर करून उभं राहणं दुपारीही जमतं. मार्च उजाडल्यावरच सुचलं असेल तर सकाळी सहाला चढायचं आणि दहाच्या आत उतरायचं, एक माणूस वर, एक खाली.